ज्या कातड्यावर माशी बसेना

प्रिय गिदामेस,

'प्रिय' लिहायचं असतं म्हणून लिहिलं. गोरखचिंचेखाली मोठ्या माणसांची शाळा भरायची तेव्हा मास्तरणीने शिकवलं होतं की पत्र असंच सुरू करायचं, पुढे मग शिव्या असल्या तरी हरकत नाही. एरवी मी तुला काय म्हणते ते तुला ठाऊक आहे, आणि सध्या तेही म्हणायची इच्छा उरलेली नाही. अक्षर वाकडं दिसेल. चुलीचा धूर डोळ्यांत जातो आणि एका ओळीला तपकिरीची एक चिमूट खर्च होते. तेव्हा फुकट घालवू नकोस, नीट वाच. आणि ज्याच्या घरी तू उतरलायस त्या मामाला वाचून दाखवू नकोस. त्याला अर्धं ऐकून पूर्ण भांडायची सवय आहे.

पहिली बातमी ही की तुझा थोरला भाऊ ग्वांदू अजून जिल्ह्याच्या चौकीत कोठडीत आहे, तू मारलेल्या सिंहासाठी. तू तिकडे नातेवाइकांच्या गोठ्यांतून बक्षिसाच्या कालवडी गोळा करत फिरतोयस, डोक्याला लोणी, दंडात माझं पितळ, आणि तो इकडे लघवीच्या वासात भिंतीला टेकून बसलाय. हे तुला कुणी सांगितलं नसेल असं मी धरून चालते. सांगितलं असेल आणि तरीही तू फिरत असशील, तर ते मला कळायला नको. तुझा फोन बंद आहे. ग्वांदूची बायको रोज टेकडीवर चढून लावते आणि रोज ती यंत्रातली बाई तिला त्याच गोड आवाजात नाही म्हणते. परवा तिने त्या बाईला अशी काही शिवी घातली की मीसुद्धा शिकून घेतली. तिला मुलगी झाली. आपल्यात बापाने मांडीवर घेतल्याशिवाय पोराला नाव ठेवत नाहीत, म्हणून पोरीला अजून सगळे 'ए' म्हणतात. तीही आता 'ए' म्हटलं की मान वळवते. असंच चाललं तर तेच नाव पडेल.

गुरं बरी आहेत असं लिहायला हवं, पण बरी नाहीत. नदीच्या वाळूत पाण्यासाठी खड्डा खणावा तर हत्ती आधीच येऊन खणून, पिऊन, चिखल करून गेलेले असतात. राखीव रानाच्या दगडापलीकडे गवत कमरेएवढं उभं आहे आणि अलीकडे आमच्या गाई माती हुंगतायत. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दगड नव्हता. खारी माती चाटायला गुरं तिथेच जायची, आणि आम्ही पोरी त्यांच्यामागे. आता तिथे विमान उतरतं. विमानातून माणसं येतात, गाडीत बसून झोपलेला सिंह बघतात आणि पुन्हा विमानात बसतात. एवढ्या लांबून झोप बघायला येतात! तुझा बाप मधाची दारू पिऊन दिवसभर झोपलेला असतो, त्याला बघायला एकदा कुणी गाडी लावली नाही.

हे सगळं लिहिते अशासाठी की तुला वाटायला नको, म्हातारीला सिंहाचा पुळका आलाय. मला कसला पुळका? माझी कपाळावर चांदणी असलेली तांबडी गाय त्यानेच नेली. वासराला पाजत होती, तशीच ओढून नेली. सिंहांच्या कचेरीतला साहेब भरपाईचं बघायला आला तेव्हा तू होतास. त्याने गाईचं काय उरलंय ते बघितलंच नाही, काटेरी कुंपणाभोवती फीत घेऊन फिरला, एका कोपऱ्यात वाकला आणि म्हणाला, "आजी, इथे भगदाड आहे. कुंपण पक्कं असतं तर गाय वाचली असती." मी म्हटलं, "साहेब, तुमची हद्द पक्की असती तर सिंह तिकडेच राहिला असता." तो हसला. हसले की काम झालं असं त्यांना वाटतं. भरपाई मिळाली नाही ती नाहीच. तू तेव्हा भाल्याच्या पात्यावर अंगठा फिरवत उभा होतास आणि मी तुला म्हटलं होतं की ते खाली ठेव. म्हटलं होतं ना? की तेही आता मी स्वप्नात बोलले?

आणि वर तुझ्या भावाचा तो उद्योग. सिंहांच्या कचेरीने त्याला पगार देऊन ठेवलं, हातात तारांचा फणा दिला, तो फिरवला की सिंहाच्या गळ्यातल्या पट्ट्याचा टिकटिक आवाज येतो. सिंह कुठे आहे ते ऐकायचं, गुराख्यांना सांगायचं की आज त्या बाजूला जाऊ नका, कुंपणं दुरुस्त करायची, आणि पोरांनी भाले उचलले तर त्यांना वाटेत अडवायचं. काम वाईट नाही. पण त्या लोकांत रीत अशी की आपल्या भागातल्या सिंहांना राखणदारानेच नावं द्यायची. या शहाण्याने सगळ्यात मोठ्या सिंहाला कुणाचं नाव द्यावं? माझ्या सासऱ्याचं! मी सून म्हणून या घरात पाऊल टाकल्यापासून ते नाव कधी तोंडाने उच्चारलं नाही, त्याच्यासारखा वाटणारा शब्दसुद्धा वाटेत आला तर वळसा घालून गेले. गाय गेली त्या सकाळी घरातल्या सगळ्या बायका शाप द्यायला कुंपणाबाहेर उभ्या राहिलो. शाप द्यायचा तर नाव घ्यावं लागतं. कुणाचा सासरा, कुणाचा आजेसासरा. सगळ्या एकमेकींची तोंडं बघत राहिलो आणि हात खाली करून घरात आलो. ग्वांदू लांब उभा राहून दात काढत होता. "आजी, म्हणून तर दिलं ते नाव," म्हणाला. मी त्याला ताकाची रवी फेकून मारली. लागली नाही. पण खरं सांगायचं तर रात्री तो सिंह डरकाळ्या फोडायचा तेव्हा मला हसू यायचं. आवाज मोठा, अंगात आळस, आणि शिकार बायकांनी केलेली. सासरा हुबेहूब.

तुला मात्र हसू येत नव्हतं, ते मी बघत होते. मी म्हातारी आहे, आंधळी नाही. नाचाला गेलास की पोरी तुझ्यासमोर येऊन थांबायच्या आणि तुला सोडून शेजारच्याला निवडायच्या. त्यांनी गाणंच केलं होतं ना, सिंहांचा गुराखी आणि त्याचा धाकटा भाऊ, एक सिंहाला चारा घालतो, दुसरा त्याचं शेण काढतो? तुझी काकू ते गाणं दळताना गुणगुणायची आणि तू आलास की गप्प व्हायची. माणसाला झोंबतं असं काही. त्या वयात तर फार झोंबतं. तू एकदा तरी माझ्याजवळ येऊन बोलला असतास, तर मी त्या पोरींच्या आज्यांची अशी गाणी केली असती की त्या नाचाला यायच्या बंद झाल्या असत्या. पण तू बोलायचा नाहीस. बाजारात गेलास.

तू गात आलास तो दिवस मी विसरलेले नाही. आधी टेकडीवरून तुझा आवाज आला, मग भाल्याच्या टोकावरची शेपटी दिसली, मग आयाळीचा तो कातड्याचा तुकडा. बायकांनी किलकाऱ्या मारल्या. तुझा बाप उठून उभा राहिला, तेही कुणाचा आधार न घेता. घरातली थोरली म्हणून पहिलं लोणी मी लावायचं, ते मी लावलं. दंडातलं पितळ काढून तुझ्या दंडात चढवलं. माझ्या आईच्या हातचा मणी भरलेला चामड्याचा घागरा तुझ्या कमरेला बांधला, कारण मारणाऱ्याने बायकांचे दागिने अंगावर घेऊन सुवेरातल्या बाईसारखं बसायचं ही आपली रीत. का बसायचं ते तुला कुणी सांगितलंय का? मूल जन्माला घालणारी बाई मरणाच्या दारात जाऊन परत येते. जो पुरुष सिंहासमोर उभा राहून परत येतो, त्याला आम्ही तेवढ्यापुरतं आमच्यात घेतो. आमच्या पंगतीला बसवतो. समोरून, भाल्याने, आणि सिंह जिवंत असताना. हे तिन्ही आलं पाहिजे. त्या साहेबाची फीत जशी तशी ही आमची.

तो कातड्याचा तुकडा मी स्वतः दाराच्या खांबाला टांगला. येणाराजाणारा हात लावून जायचा. दुसऱ्या दिवशी मी खाली बसून ताक घुसळत होते. आपल्या गोठ्यात माश्या किती असतात ते तुला सांगायला नको, पोरांच्या डोळ्यांत, दुधात, माझ्या नाकावर. आणि ओल्या कातड्याखाली जमिनीवर मेलेल्या माश्यांचा थर पडलेला. वर एकही नाही. एखादी यायची, टेकायची, जरा गिरकी घ्यायची आणि टपकन खाली. मी घुसळणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर तुझ्या काकूने विचारलं असतं काय झालं म्हणून. मी घुसळत राहिले आणि बघत राहिले. त्या दिवशीचं लोणी मी कुत्र्यालासुद्धा घातलं नाही.

कुत्र्याचंच सांगते. काकूचा तो कान फाटलेला कुत्रा, वासरं एकटा घरी आणायचा तो, संध्याकाळी तोंडाला फेस आणून चुलीजवळ पडला. काकूला वाटलं साप. मी काठी घेऊन नाल्याच्या बाजूला चालत गेले. तिथे तू सिंहासाठी ठेवलेलं मेलेलं वासरू होतं, आणि आजूबाजूला गिधाडं. पंख पसरून, मान मुरडून, एकमेकांवर पडलेली, काही अजून पाय ओढत होती. झाडाखाली तरस, दोन कोल्हे. जिथे नेहमी कलकलाट असतो तिथे काहीच आवाज नाही. मला राखीवच्या लोकांसारखं गिधाडांवर प्रेम नाही, दिसायला घाणेरडा पक्षी. पण गिदामेस, परवा शेजाऱ्यांची गाय रोगाने मेली ती अजून तशीच पडली आहे. फुगली, फुटली, आणि वाऱ्याबरोबर तो वास इथे चुलीपर्यंत येतो. आकाशात बघते, कुणी येत नाही. आधी एक जनावर मेलं की तू जेवून हात धुवायच्या आत हाडं उरायची. आता हे काम कोण करणार, तुझा मामा?

राखीवचे लोक आले तेव्हा पट्टा नदीच्या वाळूत पुरलेला सापडला, चाकूने कापलेला. तो फणा ग्वांदूकडेच असतो, सिंह कुठे आहे ते त्यालाच ऐकू येतं, आणि सिंह मारणाऱ्याचं नाव आपल्यात बाहेरच्याला कुणी सांगत नाही, मग दुसऱ्या कुणावर संशय घेणार? तू कितीदा त्याच्या खांद्यावरून वाकून ते यंत्र शिकून घेतलंस, ते त्यांना कुठे माहीत. त्यांना एवढंच दिसलं की राखणदारानेच आपला सिंह विकला. साहेब म्हणे रडला. रडू दे. ग्वांदूला गाडीत चढवलं. बाहेर उभी असलेली माणसं बोलत होती. एकजण म्हणाला, "बरं झालं, सिंहांचा गुराखी सिंहांच्याच हातून गेला." हसली सगळी. ही तीच माणसं, ज्यांची गुरं त्याने उन्हातान्हात पळत जाऊन वाचवली.

मी चौकीत गेले होते. मोटारसायकलवर मागे बसून गेले, त्या पोराने मला खड्ड्यांतून असं उडवलं की अजून पाठ माझी नाही. हवालदाराने विचारलं, "कोणत्या सिंहाबद्दल बोलतेस?" मी म्हटलं, "त्या मोठ्या." "नाव सांग, त्यांच्या सगळ्यांची नावं असतात." "घेत नाही." "का घेत नाहीस?" "माझ्या नवऱ्याच्या बापाचं आहे." तो म्हणाला, "म्हातारे, म्हणजे पोरावर तुझ्या सासऱ्याला मारल्याचा आरोप आहे?" आतून, गजांच्या मागून, ग्वांदू मोठ्याने हसला. एवढ्या दिवसांत तो तिथे पहिल्यांदा हसला असं हवालदारच म्हणाला. मग नाव त्यानेच सांगितलं. मला त्याच्याजवळ बसू दिलं. मी विचारलं, "कुणी केलं ते तुला ठाऊक आहे की नाही?" तो म्हणाला, "आजी, पोरीला काय म्हणता?" मी म्हटलं, "ए म्हणतो. विचारलं त्याचं उत्तर दे." तो म्हणाला, "मी बसू शकतो इथे. त्याला नाही बसता येणार. त्याला बंद झोपडीतही झोप लागत नाही, तू स्वतः त्याला बाहेर निजवायचीस." इतका राग आला मला की त्याच्यासाठी नेलेलं दही मी हवालदाराला देऊन आले. शहाणपणा करतो! वीस-वीस वर्षं आत बसवतात म्हणे. वीस वर्षं तो बसणार, पोर 'ए' म्हणून मोठी होणार, आणि तू कालवडी राखणार. आणि याला हा माणूस भावावरचं प्रेम म्हणतो. मी त्याला मूर्खपणा म्हणते, पण मला कोण विचारतं.

परत आले त्याच दिवशी तुपाची बुधली काढायला माळ्यावर हात घातला. माझ्या दूध ठेवायच्या सुक्या भोपळ्यांच्या मागे काहीतरी गार लागलं. पत्र्याचा डबा. भाजीवरची कीड मारायला बाजारात विकतात तो. त्यावर कवटीचं चित्र, आणि कवटी ओळखायला शाळेत जावं लागत नाही. आत जांभळट दाणे, अर्धे संपलेले. माझ्या दुधामागे, गिदामेस! जिथून मी ग्वांदूच्या बायकोला तूप काढून देते, जिथून सगळी पोरं मला न विचारता साय चाटतात. तुला दुसरी जागा सापडली नाही? एवढ्या मोठ्या रानात? म्हातारीच्या माळ्यावर कुणी बघणार नाही असं वाटलं असेल. त्या माळ्यावरचे सगळे भोपळे मी बाहेर नेले आणि दगडाने फोडले. एकही ठेवला नाही. तुझा बाप जागा झाला आणि म्हणाला, "आई, वेड लागलं का तुला?" मी म्हटलं, "तू झोप, तुझं वय झालंय." आता आम्ही प्लास्टिकच्या डब्यात दूध ठेवतो आणि ते दूध दुधासारखं लागत नाही.

मग बायकांची सभा बोलावली. बाभळीखाली बसलो. पुरुषांना त्या बाजूला फिरकायची बंदी असते, म्हणून तुझ्या बापाने गुरं मुद्दाम लांबच्या वाटेने नेली, पण मान वळवून वळवून बघत होता. मी मेलेल्या माश्या पानात बांधून नेल्या होत्या, त्या मध्ये ठेवल्या. डबा ठेवला. मग तुझी काकू म्हणाली, "पोरगं आहे. पोरं करतात काहीबाही." ग्वांदूची बायको पोरीला अंगावर घेऊन बसली होती, ती म्हणाली, "कोठडीत बसलाय तो कोण आहे मग, म्हातारा?" शेजारची म्हणाली, "आमचे दागिने त्याने मेलेल्या सिंहावर मिरवले. उद्या कुणीही उठेल, बाजारातून डबा आणेल आणि आमच्या मांडीला मांडी लावून बसेल." त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. निकाल हा की तुला लावलेलं लोणी लावलंच नव्हतं असं धरायचं. पितळ, घागरा, मणी परत. कालवडी ज्याच्या त्याच्या गोठ्यात परत. आणि सभेसाठी एक काळा बैल तू द्यायचा. तो बैल आपल्याकडे नाही हे मला माहीत आहे. ते तुझं तू बघ, मी त्यात पडणार नाही.

मग मी विचारलं, "आणि चौकीत काय सांगायचं?" तर सगळ्या तोंडं फिरवून बसल्या. राखीवचं राखीवने बघावं, घरातलं बाहेर कशाला, आपलंच पोरगं धरून द्यायचं का, मामाकडची माणसं काय म्हणतील. जी आत्ता एवढी तावातावाने दागिन्यांबद्दल बोलत होती तीसुद्धा उठून म्हणाली, "माझं दूध उतू जाईल." भर उन्हात कसलं दूध? दागिन्यांवर निकाल देता येतो, बैल मागता येतो, पण माणूस गजाआड आहे त्याबद्दल कुणाला बोलायचं नाही. सिंहाच्या लोकांना सिंह हवा, पुरुषांना गाणं हवं, बायकांना पितळ हवं. ग्वांदू कुणालाच नको. मी घरी आले आणि तुझ्या बापाला म्हटलं, तू बोल, बाप आहेस. तो म्हणाला, "दोन्ही माझेच." मी म्हटलं, "मग दोन्हींसाठी काही तरी एक कर." त्याने कूस बदलली.

तेव्हा आता जे केलं ते ऐक. डबा माझ्याकडे नाही. तुला हे पत्र ज्याने दिलं त्याच्याकडे नीट बघ. साध्या कपड्यांत आहे, पण तो राखीवच्या चौकीवरचा चेंगुला नावाचा माणूस आहे. डबा मी त्याच्या हातात दिला, माश्यांची पुडी दिली, आणि तू मामाकडे आहेस हेही मीच सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून उगाच कुणाशी वैर धरू नकोस. त्याला बंदुकवाले घेऊन यायचं होतं. मी म्हटलं, तसा गेलास तर मामाच्या गोठ्यातून भाले बाहेर येतील आणि मग तुम्हीही मराल, तेही मरतील. एकटा जा, आणि पोराला आधी वाचू दे. त्याने कबूल केलं. तू स्वतः चालत त्याच्याकडे आलास आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलंस, तर तसं लिहीन म्हणाला, शिक्षा कमी होते म्हणाला, आणि ग्वांदूला त्याच दिवशी सोडतात. किती कमी होते ते मी विचारलं नाही. तो आता फाटकाबाहेर बसला असेल. मामीला सांग त्याला दूध द्यायला, लांबून आलाय. मी त्याला सांगून ठेवलंय की आमचं पोर सावकाश वाचतं, घाई करायची नाही. त्याने विचारलं, "म्हातारे, मागच्या बाजूने पळाला तर?" मामाच्या कुंपणाला मागे गुरांचं दार आहे, ते तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. मी त्याला म्हटलं, तिथे कुणाला उभं करू नकोस. दोन्ही दारं उघडी राहू देत. तुला बाहेर झोपायची सवय आहे, आत तुला फार जड जाईल, हे मला ग्वांदूने सांगायला नको होतं. तरी मी हे केलं. आता वाचून झालं असेल तर उठ.

तू कोणत्याही दाराने गेलास तरी
तुझीच आजी,
उदाबेरा